साक्षगंधाला आलेला कर्नल

पोरीच्या साक्षगंधाला परदेशातल्या फौजेचा कर्नल कोण बोलावतं? अंकुश बोलावतो. नुसता बोलावत नाही, तर नवरदेवाच्या बापाशेजारी, पहिल्या रांगेत, कूलरच्या अगदी तोंडाशी बसवतो आणि वर त्याच्या हातात मसाला दुधाचा ग्लास देतो.

प्रेमानंद सकाळच्या विमानानं दिल्लीहून नागपूरला आला आणि कामठी रोडवरच्या त्या हॉलच्या दारातच थबकला. स्टेजवर तथागतांची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, मेणबत्त्या लावायच्या बाकी होत्या. खाली सगळ्या पांढऱ्या कपड्यांमध्ये निळा कोट घातलेला तो एकटाच माणूस बसला होता. याच माणसाबरोबर बैठकीबाहेर चहासुद्धा घ्यायचा नाही, असा नियम प्रेमानंदनं स्वतःला घालून घेतला होता. आता त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर ‘वधूचे मोठे वडील’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती.

कर्नलचा देश म्हणजे समुद्रात विखुरलेली काही बेटं. त्यांचं सगळं हवाई दल या हॉलमध्ये जेवायला बसवलं असतं, तरी अन्न उरलं म्हणून आचाऱ्यानं शिव्या खाल्ल्या असत्या. अशा देशाला मालवाहू विमानं घ्यायची होती आणि त्यांच्या बजेटात दोनच गोष्टी बसत होत्या. एक तर दोन नवी, लहान विमानं. नाहीतर पाच जुनी, मोठी, दुरुस्त करून नव्यासारखी केलेली. कोणती घ्यावीत हे सांगायला त्यांनी सल्लागार नेमले, त्यात निवृत्त ग्रुप कॅप्टन प्रेमानंद होता. आणि ती जुनी पाच विमानं जिथं दुरुस्त होणार होती, ती वर्धा रोडपलीकडची शेड त्याच्या धाकट्या भावाची, अंकुशची होती. हे प्रेमानंदनं पहिल्याच दिवशी कळवलं होतं. ते म्हणाले, हरकत नाही, तुम्ही फक्त उडण्यापुरतं मत द्या. साहेबलोकांचं हे असंच असतं. आधी हरकत नाही म्हणतात आणि पुढं कुठं फोटो निघाला की हरकत घेतात. इथं तर फोटोग्राफर ड्रोन घेऊन आला होता.

प्रेमानंदला आधी गाठलं ते प्रेमिलानं. ही दोघांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ती अंकुशच्याच घरी राहायला आली, आणि तो मुलगा आता शेडमध्ये फिटर होता. तिनं प्रेमानंदला दंडाला धरून मागच्या बाजूला नेलं, जिथं सांभारवड्या तळणं चालू होतं. तेलाच्या धुरात उभं राहून तिनं विचारलं, की त्यानं मत लिहून पाठवलं का. नाही, सोमवारी देणार, तो म्हणाला. उद्या अंकुशचं तयार झालेलं पहिलं विमान कर्नलसमोर उडणार होतं, ते पाहून झाल्यावर.

"मंग आज तोंड उघडू नको," प्रेमिला म्हणाली. "पोरीचा दिवस आहे. जे काय लिहाचं ते दिल्लीले जाऊन लिही. आणि लिहाचंच असन तं चांगलं लिही."

त्यानं तिला समजावून पाहिलं, आणि समजावताना त्याचा आवाज बैठकीतल्यासारखा झाला. त्या बेटांवरच्या धावपट्ट्या आखूड आहेत. रोजचा माल म्हणजे आजारी माणसं, तांदळाची पोती, औषधं, कधी परीक्षेचे पेपर. त्याला मोठं विमान कशाला? पाच जुनी घेतली तर दोन उडतील, आणि बाकीच्या तिन्हींचे भाग काढून त्या दोन्हींना लावत बसावं लागेल. विमान घेण्याचा खर्च एकदाच असतो, पोसण्याचा रोज असतो. अंकुश म्हणतो वादळ आलं की मोठंच विमान लागतं, मागचा दरवाजा खाली करून आत जीप घालता येते. खरं आहे ते, पण वादळ काही रोज येत नाही. शिवाय अंकुशनं पंखांचे जोड अजून दाखवलेले नव्हते. पंख जिथं अंगाला येऊन मिळतो तिथले. दर वेळी मागितलं की उद्या पाहू म्हणायचा.

प्रेमिलानं सगळं ऐकून घेतलं. झाऱ्यातली वडी परातीत टाकावी तसं तिचं उत्तर पडलं.

"मले विमानातलं काही समजत नाही. मले एवढं समजते, का बाबाचं ऑपरेशन झालं तवा अंकुश दवाखान्यात फरशीवर झोपला. आणि तू फोनवर डॉक्टरले इंग्लिशमधी प्रश्न विचारले. तुले बरोबर राहाची हौस आहे गा, प्रेमानंद. जवळ राहाची नाही."

खरंच होतं. तो दर महिन्याला फोन करत होता, वाढदिवसाला शाल पाठवत होता, आणि नागपूरला आला की अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उतरत होता, कारण अंकुशच्या घरी म्हणे त्याला झोप येत नसे. अशा माणसाला अचानक एक दिवस सचोटी आठवते आणि ती नेमकी भावाच्या शेडवर येऊन पडते, असंच घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. घरचे काही अगदीच चुकत नव्हते.

तिकडं अंकुश पाहुण्यांमध्ये फिरत होता. कोणाच्या पाठीवर थाप, कोणाच्या लेकराचा गालगुच्चा, कोणाला "जेवल्याशिवाय जाचं नाई बरं का". माणूस आवडावा असाच आहे हो तो. ज्या पोट्ट्यांना कुठल्या कंपनीनं दारात उभं केलं नाही, त्यांना त्यानं कामाला लावलं, हातात पाना दिला, बुटं दिली. शेडमध्ये जयंतीला मोठी पंगत घातली. पण ती शेड आता नुसती उभी होती. काम येईल येईल म्हणून सगळे थांबले होते, आणि येणारं काम म्हणजे ही बेटं.

त्या चार जोडांचं त्याला चांगलंच माहीत होतं. दोन नवे मिळाले. बाकीचे दोन कुठंच मिळेनात. बनवणारा कारखानाच कधीचा बंद पडलेला. जुन्या दोन्हींना केसासारखी चीर गेलेली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं घासून काढली आणि वरून रंग मारला. तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं, प्रेमिलाचा मुलगाही नव्हता. एकदा ऑर्डर हातात आली की पहिलं काम तेच करायचं, कुठूनही नवे जोड आणायचे, असं त्यानं ठरवलं होतं आणि ते तो मनापासून ठरवत होता. उद्याचं उडणं तर केवढंसं! वर जायचं, शहराला एक चक्कर मारायची, खाली यायचं. इतक्यात काही होत नसतं. चोर आपण नाही, थोडी वेळ मारून नेतोय, एवढंच तो स्वतःला सांगत होता.

कर्नलचं मन पाच विमानांकडेच होतं. त्यांच्या मंत्र्याला राष्ट्रीय दिनाला पाच विमानं एका रांगेत उभी दिसायला हवी होती, हे त्यानं हसत हसत अंकुशला सांगून टाकलं होतं. आड येत होता तो एकटा प्रेमानंद. भाऊ साक्षगंधात जरा नरमला तर ठीक. नाही नरमला, तर त्याच्या शब्दाचं वजन कमी करायला अंकुशकडं एक माणूस होता.

भैय्याजी. दोघांचा बाप. जन्मभर वायुसेनेत इंजिन फिटर, मास्टर वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त. गुडघे गेलेले, कान शाबूत. अंकुशनं त्यांच्यासाठी खास सीताबर्डीवरून ब्लेझर आणला होता आणि त्यावर सगळी पदकं स्वतः लावून दिली होती. म्हातारा त्यात खूश होता. थोरल्या लेकानं एकदा त्यांच्याच तळावर अधिकारी म्हणून येऊन बापाचा सॅल्यूट घेतला होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या युनिटला पेढे वाटले, पण त्यानंतर प्रेमानंदशी बोलताना त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. अंकुशसमोर तसं काही होत नव्हतं. अंकुश त्यांच्या हाताखाली शिकला होता, नटाला पीळ किती द्यायचा ते बापाच्या नुसत्या आवाजावरून ओळखायला लागला होता. तोच आपला वारस, असं म्हातारा येईल त्याला सांगायचा.

भंतेजी आले, सगळे उभे राहिले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं चौथं शीलही सगळ्यांनी म्हटलं, अंकुशनं जरा मोठ्यानंच म्हटलं. मग सोनिका आणि ऋषिकेशनं एकमेकांना अंगठ्या घातल्या. टाळ्या पडल्या, इतवारीतून आणलेली साडी तिच्या खांद्यावर ठेवली गेली, ऋषिकेशचे वडील रुपराव गुरुजी भंडाऱ्याच्या माणसांना एकेक करून स्टेजवर पाठवत राहिले. प्रेमानंदनंही जाऊन आशीर्वाद दिला. सोनिका त्याच्या कानाशी म्हणाली, "मोठे बाबा, आज भांडू नका ना." त्यानं मान हलवली.

आणि तो खरंच बोलणार नव्हता. जेवणाच्या टेबलावरसुद्धा तो कर्नलपासून लांब, रुपरावांच्या पलीकडे बसला. कर्नल हैदराबादेत शिकलेला होता, त्यामुळं हिंदी बरं बोलायचा. त्यानं भैय्याजींची पदकं पाहिली, कोणतं कशाचं ते विचारलं. म्हातारा खुलला. डोंगरात बर्फावर माल कसा टाकायचो, इंजिन गार पडू नये म्हणून रात्रभर रजया कशा घालायचो, सगळं निघालं. भोवती माणसं जमली. कर्नलनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, की बाबाजी, तुम्ही लेकाचं विमान पाहिलं आहे. मला साहेबलोक फार काही सांगतात. तुम्ही काय सांगता?

अंकुश बापाच्या खुर्चीमागं उभा होता. भैय्याजींनी मागं न पाहता त्याचा हात पकडला.

"साब, अपने यहाँ एक कायदा था," ते म्हणाले. "किताब में नहीं था. जिसने पाना पकड़ा, वो पहली उड़ान में बैठेगा. वो नहीं चढ़ा तो पायलट भी नहीं चढ़ता था."

कर्नलला हे फार आवडलं. त्यानं आपल्याबरोबर आलेल्या, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्याला ते पुन्हा त्यांच्या भाषेत सांगितलं. भैय्याजी पुढं म्हणाले की पाना अंकुशच्या हातात होता, पण अंकुशच्या हातात हात माझा होता, तेव्हा उद्याच्या उड्डाणात मीच बसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपराव गुरुजींनी मान डोलावली, असं घर मिळालं म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. अंकुशनं बापाच्या ब्लेझरची कॉलर नीट केली.

प्रेमानंदनं हातातला घास ताटात ठेवला. तो भाच्याकडं पाहत होता, बहिणीकडं पाहत होता, आणि ती त्याच्याकडं पाहून मान हलवत होती, नको म्हणून. पण बाप त्या विमानात चढणार होता. तो उठला.

"बाबा, तुम्ही नका बसू," तो म्हणाला. "पंखाचे जोड मला दाखवलेले नाहीत. मी ते पाहिल्याशिवाय कोणीच बसू नये."

तो मराठीत बोलला, पण कर्नलनं त्याच्याकडं पाहिलं. भैय्याजींनी मान वळवून धाकट्याला विचारलं, "जोड बदलले ना गा?"

"बदलले बाबा."

"चारी?"

"चारी. आणि तुम्ही एकटे काहून बसान? मी बी बसतो तुमच्यासंग."

बसण्याचं मात्र अंकुश खोटं बोलत नव्हता. तो खरंच बसला असता. त्याला स्वतःच्या जिवाचं फारसं काही वाटत नव्हतं, आणि बापाचा जीव त्याला स्वतःच्या जिवाहून वेगळा वाटतच नव्हता. इतकी वर्षं दोघांनी एकाच डब्यात खाल्लं होतं.

आता बाप बसतो म्हणतो, विमान दुरुस्त करणारा स्वतः बसतो म्हणतो, तर प्रेमानंद उरला काय? भावाच्या पोरीच्या साक्षगंधात, पाहुण्यांसमोर, भावाच्या कामात खोट काढणारा दिल्लीवाला साहेब. भंडाऱ्याच्या बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. रुपरावांनी ताटातला हात काढून घेतला. कोणीतरी मागून म्हटलं, की शिकलेल्याले जास्त जळण होते. प्रेमिला जवळ आली आणि त्याच्यासमोरचं ताट उचलून घेत अगदी शांतपणे म्हणाली, "झालं तुह्यं? आता जाय."

तो जाण्यासाठी वळलाही. त्याचे कान तापले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला स्वतःलाच शंका येत होती, की आपण हे बापासाठी बोललो का अंकुशला मिळालेल्या टाळ्यांसाठी. तेवढ्यात सोनिका स्टेजवरून खाली आली. अंगठीचा हात पुढं धरून, ऋषिकेशला मागं ओढत. झालेली कडू गोष्ट पोरीला गोड करायची होती, एवढंच. बापाचा अपमान झालेला तिला दिसला होता, आणि बाप म्हणजे तिचं सगळं होतं.

"मंग मी बी बसते," ती म्हणाली. "आबाजी, बाबा, मी आन् ऋषिकेश. आमचं पहिलं फिरणं तेच होऊन जाईन. मोठे बाबा, तुम्ही खालून पाहा."

लोक हसले, हवा एकदम मोकळी झाली. कर्नलला कोणीतरी सांगितलं तसा तोही खूश झाला; नवरा-नवरी, वाह, माझ्या मंत्र्याला हा फोटो पाठवतो म्हणाला. ऋषिकेश लाजत होता, पण त्याला कधी एकदा बसतो असं झालं होतं. फोटोग्राफरनं उद्या किती वाजता ते विचारून घेतलं.

"नाई," अंकुश म्हणाला.

सोनिकाला वाटलं थट्टा आहे. "काहून नाई?"

"उद्या तुले पाहुण्यांसंग दीक्षाभूमीले जाचं आहे."

ते दुपारी आहे, ती म्हणाली. सासरचे काय म्हणतील, अंकुश म्हणाला. त्यावर रुपराव गुरुजी पुढं होऊन म्हणाले, आमची काहीच हरकत नाही, उलट आम्हाला अभिमान आहे, जागा असेल तर मीही बसतो. तिला विमानात मळमळतं, अंकुश म्हणाला. सोनिका हसली; पुण्याला शिकत असताना ती येता-जाता विमानानंच प्रवास करत होती, आणि तिकीट दर वेळी त्यानंच काढलं होतं. तिनं वडिलांच्या हाताला धरलं, लहानपणी धरायची तसं.

"बाबा, तुम्हीच केलं ना ते? मंग मले बसू द्या ना."

"नाई म्हटलं ना सोनू!" अंकुश ओरडला. तो पोरीवर कधी ओरडलेला नव्हता. "त्या विमानात तू पाय ठेवाचा नाई. समजलं?"

त्याचा आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. वाढप्यानं कढीची बादली खाली ठेवली. सोनिकानं हात सोडला, आणि तिला अजून काही समजलेलं नव्हतं, ती फक्त भ्याली होती. समजलं ते आधी प्रेमिलाच्या मुलाला. तो बापडा शेडमधल्या पोट्ट्यांमध्ये उभा होता, तो हळूच खाली बसला. मग रुपराव गुरुजींना समजलं आणि त्यांनी ऋषिकेशला दंडाला धरून आपल्याकडं घेतलं. कर्नलला मराठी येत नव्हती, पण बापाचा असा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. त्यानं रुमालानं हात पुसले, सोबतच्या अधिकाऱ्याला काहीतरी म्हटलं, आणि दोघं उठले.

प्रेमानंद दाराजवळ उभा होता. त्याचंच खरं निघालं होतं आणि त्याच्याकडं कोणी बघत नव्हतं. त्याला पुढं व्हावंसं वाटलं, पण जाऊन कोणाजवळ उभं राहायचं ते कळेना.

अंकुश कर्नलच्या मागं धावला नाही. ऑर्डर गेली, शेड गेली, कदाचित पोरीचं जमलेलंही गेलं. हे सगळं त्याला एकदम कळलं असावं, पण तो हलला नाही, कारण खुर्चीवरून म्हाताऱ्यानं अजून त्याचा हात धरलेला होता. भैय्याजींनी तो हात आता सोडला. गुडघ्यांवर जोर देऊन ते उठायला लागले. प्रेमिला धरायला आली तर त्यांनी तिला मानेनंच नको म्हटलं. उभे राहिल्यावर त्यांनी लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. जणू घरात एखादी वस्तू कुठं ठेवली ते विचारत होते.

"अन् मले बसवून राहिला होता ना गा तू?"